हद्दीबाहेरची माती

४ जानेवारी

ताईला ठोक्याचा नमस्कार.

काल फोन केला तेव्हा भावोजींनी उचलून तुला दिला, आणि तू "काही ऐकू येत नाही रे, पत्र टाक" म्हणून ठेवून दिलास. बरोबरच आहे. जन्मभर घंटा ठोकणाऱ्याच्या कानांनी तरी किती सोसायचं? माझाही डावा आता गेल्यात जमा आहे. तेव्हा पत्र.

परवा शहरात गेलो होतो. एका मोठ्या दुकानाच्या काचेमागे दाराला टांगायच्या घंटा मांडलेल्या, आणि वर पाटीवर चक्क आपल्या गावाचं नाव! आत जाऊन हातात घेतली. कडेला वेल्डिंग. अंगावर पितळ नाहीच, पितळी रंगाचा फवारा मारलेला. हलवली तर रिकाम्या डब्यात खडा टाकल्यासारखा आवाज. आणि दुकानदार मलाच सांगतोय, "अस्सल आहे काका, पिढीजात कारागिरांनी हाताने घडवलेली." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे सगळं त्या शेडवाल्याचं काम, नदीच्या तुमच्या काठाला पुलाजवळ ज्याने मशिनं आणून बसवलीत त्याचं. गावाशी काडीचा संबंध नाही आणि गावाचं नाव विकून खातोय.

म्हणून आम्ही कारागिरांनी संघ काढलाय. अध्यक्षपदाची माळ माझ्या गळ्यात पडली. बायको म्हणते, माळ कसली, घंटा बांधलीय गळ्यात. वकीलसाहेब सांगतात, कायदा आहे. एखादी वस्तू एका ठिकाणचीच, तिथल्या मातीपाण्याने आणि तिथल्या हातांनीच ती तशी होते, हे दाखवून दिलं की ते नाव सरकारात नोंदवता येतं. भौगोलिक मानांकन म्हणतात त्याला. मग बाहेरच्याने ते नाव लावलं की गुन्हा.

पण अर्जात सगळं लिहावं लागतं. घंटा कशी करतात, कुठला माल कुठून येतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी लिहायला बसलो आणि हात आखडला. ठोकता येतं, सांगता येत नाही. तू बाबांच्या हाताखाली माझ्यापेक्षा जास्त राहिलीस. तूच लिहून पाठव. एवढं कर.

तुझा,
ठोक्या

—

१९ जानेवारी

ठोक्या, आशीर्वाद आधी, टोमणे नंतर.

अध्यक्ष झालास होय! भाता ओढता ओढता झोपायचास म्हणून बाबांचे धपाटे खाणारा तो तूच ना? बाबा असते तर म्हणाले असते, आता सगळा संघ झोपणार. पण काम चांगलं हाती घेतलंस. त्या शेडवाल्याच्या समोरून मी रोज जाते. दारात उभा राहून मलाच "या काकू, बघा आमचा माल" म्हणतो मेला.

लिहून घे. पत्रा कापायचा, ऐरणीवर वाकवायचा, कडा एकमेकींत अडकवून ठोकायच्या. सांध्याला डाग देणं नाही, खिळा नाही. माथ्यावर कडी. मग अंगाखांद्यावर पितळेचे तुकडे ठेवायचे आणि भुसा घालून मळलेल्या मातीत घंटा गुंडाळायची, तान्ह्याला दुपट्यात गुंडाळतात तशी, घट्ट पण गुदमरणार नाही अशी. माती नेहमीची. भट्टीत घालायची. आत पितळ वितळून सगळीकडे फिरतं. मातीतून हिरवी ज्योत डोकावायला लागली की बाहेर काढायची, निववायची, आणि माती फोडायची. मग आवाज लावायचा. हे मात्र मला लिहिता येणार नाही आणि तुझ्या वकिलाला वाचता येणार नाही. मी हल्ली घंटा जबड्याला टेकवून आवाज लावते, कानाचं काम हाडं करतात. हे म्हणतात, बघ हं, एखादी गिळशील.

सगळ्यात शेवटी कपाळावर गावाच्या नावाचा ठसा. बाबांनी आपला ठसा मला लग्नात दिला म्हणून तू त्या दिवशी जेवला नव्हतास, आठवतं? नंतर मागच्या दाराशी उभं राहून माझ्या ताटातलं गोड खाल्लंस ते वेगळं. तोच ठसा अजून मारते. धार बोथट झालीय पण अक्षरं वाचता येतात.

एक विचार वकिलाला. मी नदीपलीकडे दिलेली, पण हात तिथला, ठसा बाबांचा. माझ्या घंटा तुमच्या त्या मानांकनात बसतात ना? आमचं घर दुसऱ्या कशावर चालत नाही, तुला ठाऊकच आहे.

पुढल्या महिन्यात येईन. वहिनीला सांग, मागची जागा झाडून ठेव.

ताई

—

२ मार्च

ताई, तुझं पत्र आम्ही संघात मोठ्याने वाचलं. म्हातारेकोतारे माना डोलवत होते. वकीलसाहेबांनी तर म्हटलं, "तुमच्या भगिनींनी माझी फी वाचवली." (वाचवली नाही. घेतली.) ते मोठे मजेशीर गृहस्थ आहेत. मिशीला पीळ दिल्याशिवाय त्यांना कलम आठवत नाही. सगळा अर्ज त्यांनी सरकारी भाषेत घातला. तू लिहिलेली "हिरवी ज्योत" त्यांनी काढून टाकली होती, मी भांडून परत घालायला लावली.

तू आलीस तेव्हा मी कचेऱ्यांच्या खेपा घालत होतो, भेट झाली नाही. बायको म्हणाली, तुझ्या हाताला घट्टे पडलेत आणि तू वाळलीस.

नकाशाही जोडलाय. हद्दीचं काम साहेबांकडे असतं, त्यात आपलं काही चालत नाही. तू काळजी करू नकोस. अर्ज गेला! बाबा असते तर त्यांनी भट्टी सोडून शहर गाठलं असतं बघायला.

ठोक्या

—

२० मार्च

ठोक्या,

तुझ्या पत्रात वकिलाच्या मिशीवर एवढं सगळं, आणि हद्दीवर एक ओळ. मी बहिरी झालेय, आंधळी नाही. हद्द कुठवर धरलीय ते सांग.

ताई

—

११ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, जवळजवळ वर्ष लोटलं, रागावू नकोस. मध्ये काय काय झालं म्हणून सांगू! साहेब लोक येऊन गेले, त्यांनी भट्ट्या पाहिल्या, घंटा वाजवून पाहिल्या, आवाज यंत्रावर मोजला. हरकती मागवल्या, कुणी घेतली नाही. आणि गेल्या आठवड्यात प्रमाणपत्र हातात पडलं! गावाचं नाव आता गावाचं. संघासाठी कचेरी बांधायला मंजुरी मिळाली, माल बाहेरगावी पाठवायची बोलणी चालू आहेत. ज्या घरातल्या पोरांनी भट्टी सोडून दिली होती तीही विचारायला येतात.

तू हद्दीचं विचारलं होतंस. साहेबांनी नदी धरली. नैसर्गिक हद्द असली की भांडण राहत नाही म्हणे. मी तुझ्याबद्दल तोंडी बोलून ठेवलंय. कागद कागदाच्या जागी आणि माणसं माणसांच्या जागी. फक्त थोडे दिवस ठसा मारू नकोस. शेडवाल्यावर कारवाई होऊ दे, मग बघू. सुक्याबरोबर ओलं जळायला नको, एवढ्यासाठीच सांगतोय.

ठोक्या

—

३ मार्च

अध्यक्षांना,

सुक्याबरोबर ओलं जळू नये म्हणालास. ओलंच जळालं, सुकं मजेत आहे.

तुमची नोटीस आली. "नदीपलीकडील अनधिकृत उत्पादक" असा माझा उल्लेख आहे. खाली तुझी सही. आपण पाटीवर एकत्र गिरवायचो तेव्हा तुझ्या ठ चं पोट फुटायचं, ते अजून तसंच फुटतं, त्यामुळे सही तुझीच याबद्दल शंका नाही. नोटिशीत आणखी एक वाक्य आहे. तू बहुतेक न वाचताच सही केलीस, म्हणून लिहून पाठवते: "संघाने केलेल्या मागणीनुसार नदी ही पूर्वेकडील हद्द निश्चित करण्यात आली." साहेबांनी नाही धरली नदी. तू धरलीस.

का, ते मला कळतं. शेड पलीकडे, म्हणून रेघ नदीवर. मी पण पलीकडे, हे तुला त्या वेळी आठवलं नसेल असं मी स्वतःला समजावून बघितलं. जमलं नाही. तुला आठवलं होतं, म्हणून तर तू वर्षभर पत्र टाकलं नाहीस.

घाऊक व्यापाऱ्याने माझा सगळा माल परत पाठवला. नाव असलेला माल ठेवला तर त्यालाही दंड. नाव काढून द्या, म्हणाला, साध्या घंटेच्या भावाने घेतो. मग आम्ही दोघं अंगणात कानशी घेऊन बसलो. बाबांच्या ठशातली अक्षरं घासून घासून काढली. पितळाखालचा पत्रा उघडा पडतो. एकेकीचं कपाळ पांढरं केलं. यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या नाही आलं, मला राग फार आला होता.

शेडवाल्याला नोटीस आली का? परवाही तो दारात उभा होता. "या काकू" म्हणाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आता मी तिकडे येणार नाही. हद्द तू आखलीस, पाळते मी.

नदीपलीकडील अनधिकृत उत्पादक

—

१५ मार्च

ताई, असं तोडू नकोस.

हो, नदीची मागणी मी केली. संघात बसलेल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी पलीकडे आहे. एकाची बहीण आत घेतली की दुसऱ्याचा मेहुणा येतो, आणि मेहुण्याच्या मागून शेडवाला. रेघ कुठेतरी मारावीच लागते. आपलेच दात, आपलेच ओठ, मी कुणाला सांगू? मी अध्यक्ष नसतो तर तुझ्यासाठी भांडलो असतो. अध्यक्षाने स्वतःच्या बहिणीला सूट दिली तर लोक तोंडात शेण घालतील.

शेडवाल्याचं विचारलंस. त्याने आपल्या गावात एक खोली भाड्याने घेतली. पाटी लावली, भट्टी मांडली, एक घंटा घडवून दाखवली. आता कायद्याने तो हद्दीतला. संघाचा सभासद झालाय. अडवायला नियमच नाही, वकीलसाहेबांनी मिशीला कितीही पीळ दिला तरी. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवतोय.

तुझ्या उत्तराची वाट बघतोय.

ठोक्या

—

८ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. भावोजींना फोन केला तर ते "ती भट्टीत आहे" म्हणतात, आणि पुलावर भेटलेला माणूस म्हणतो तुमची भट्टी कधीपासून थंड आहे. कुणाचं खरं धरू?

संघाच्या कचेरीचं उद्घाटन पुढच्या रविवारी आहे. तू यावंस. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवतो. इमारत बघून जा एकदा, सुरेख झालीय. पलीकडच्यांशी आमचं वैर असतं तर विटा तुमच्याकडच्या वीटभट्टीवरून घेतल्या असत्या का सांग! आमच्या बाजूच्या विटा ठिसूळ. या लाल, आणि एकमेकींवर आपटल्या की खणखणतात. गवंडी म्हणाला, अध्यक्ष, अशी वीट मी आयुष्यात लावली नाही. आत आल्यावर समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो लावणार आहे.

ये. बाबांसाठी तरी ये.

ठोक्या

—

२६ फेब्रुवारी

ताईच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

तू आली नाहीस. खुर्ची रिकामी राहिली, मग तिच्यावर शेडवाला येऊन बसला. असो. त्यासाठी पत्र नाही.

आमच्या घंटा बद्द वाजायला लागल्या आहेत. आधी माझ्या, मग शेजारच्या, मग सगळ्यांच्याच. भट्टीत माती तडकते, पितळ फटीतून निखाऱ्यांत गळतं आणि घंटा टकली निघते. मी पितळ बदलून पाहिलं, कोळसा बदलला, भाता नवा आणला. शेवटी कळलं की घरामागचा मातीचा ढीग संपल्यावर जी माती खणून आणली तिचाच दोष आहे. विहिरीची आणली, तळ्याची आणली, शेताची आणली. एक धरेल तर शपथ.

त्या दिवशी जेवताना वैतागून म्हणालो, कधी नव्हे तो ढीग संपला कसा? तर बायको म्हणाली, "ताई यायच्या बंद झाल्या, मग संपणारच ना." मी म्हटलं, म्हणजे? तिने असं काही पाहिलं माझ्याकडे, की घास तसाच राहिला. म्हणाली, "अहो, माती त्याच आणायच्या. त्यांच्या आधी तुमची आई माहेराहून आणायची. सगळ्या घरांत पलीकडून येणारी बाईच आणते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. खरंच सांगतो. तू यायचीस तेव्हा टेंपोतून काहीतरी उतरायचं, पण आमचं लक्ष तुझ्याकडे, तू आणलेल्या खाऊकडे. ढीग नेहमी असायचाच, जसा रांजणात पाणी असतं तसा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझं जुनं पत्र काढून पाहिलं. तू लिहिलंयस, "माती नेहमीची." मी अर्जात घातलं, "माती गावाच्या हद्दीतीलच." वकीलसाहेब म्हणाले होते, जितकं गावातलं तितका अर्ज पक्का.

आता ते म्हणतात, खरं सांगितलं तर अर्जात खोटं लिहिलं असं होईल आणि मानांकनच जाईल. आणि ते आधी कोण ओरडून सांगेल, तर शेडवाला. त्याला मातीशी देणंघेणं नाही, तो दाखवण्यापुरती फासतो आणि फवारा मारतो. पावसाळ्याआधी साहेब तपासणीला येणार आहेत, आवाज यंत्रावर मोजणार आहेत. तेव्हा घंटा बद्द वाजल्या तर माझी काय, गावाचीच नाचक्की.

तुझ्याशिवाय कुणी नाही. गाडीभर माती पाठव. वर कडबा टाक, कुणी विचारलंच तर घर सारवायला म्हणून सांग. आणि तू घडवलेल्या घंटा असतील तर त्याही पाठव, कपाळं कोरी ठेवून. इथे ठसा मारून विकू, नाव माझं लागेल पण तुझा वाटा तुला पोचेल. एवढ्या वेळेला पदरात घे. मग साहेब गेले की हद्दीचं बघू.

तुझाच,
ठोक्या

—

९ मार्च

ठोक्या,

पत्र वाचून आधी मी हसले. इतकी हसले की हे भट्टीवरून धावत आले. आमच्या थंड भट्टीवर हल्ली हे बाजलं टाकून पडलेले असतात.

तुला माहीत नव्हतं, याच्यावर माझा विश्वास बसतो. तेच तर वाईट वाटतं. तू लबाडी केली असतीस तर मला सोपं गेलं असतं. पण तुम्हाला कधी प्रश्नच पडला नाही. आई पाठीला ओझं बांधून पूल नव्हता तेव्हा नावेतून माती आणायची, आणि बाबा म्हणायचे, आली का, चहा टाक. मीही कधी बोलले नाही. "माती नेहमीची" लिहिलं, कारण मला वाटलं, हे का सांगायला लागतं! ती चूक माझी. पण अर्ध्या अंगाने ही वस्तू माझ्या काठची आणि अर्ध्या अंगाने तुझ्या, हे कळल्यावरसुद्धा तू काय मागतोयस बघ. माती कडब्याखाली लपवून पाठव. घंटा कोऱ्या पाठव. म्हणजे माझ्या हातचं सगळं चालतं, मीच चालत नाही.

तरी पाठवली असती. खोटं सांगत नाही. पत्र वाचून हसून झाल्यावर रडले, आणि मग टेंपोवाल्याला विचारायचं मनात आलं होतं. मग आठवलं.

ती माती आमच्या ओढ्याकाठच्या एकाच तुकड्यात होती. वर काळी, खाली रेती, आणि मध्ये हातभर पिवळसर थर, लोण्यासारखा. सगळ्या घरांच्या लेकी-सुना तिथूनच न्यायच्या, सासऱ्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. तुझी नोटीस आल्यावर दोन महिने आमच्या घरात काही आलं नाही. पांढऱ्या कपाळाच्या घंटा कुणी घेईना. तेव्हा वीटभट्टीवाला आला. म्हणाला, तो तुकडा मला खणू द्या. यांनी माझ्याकडे बघितलं. मी अडवलं नाही. घंटा करायच्याच नाहीत, तर माती कुणासाठी राखायची? यंत्र आलं आणि थेट खडकापर्यंत गेलं. आता तिथे पाणी साचतं आणि म्हशी बसतात. बिनघंटेच्या.

वीटभट्टीवाल्याचं तेव्हा एकच मोठं गिऱ्हाईक होतं. तू लिहिलंच होतंस, विटा सुरेख आहेत, आपटल्या की खणखणतात. खणखणणारच.

तेव्हा माती तुझ्याकडेच आहे, ठोक्या. सगळी. भाजून, रचून, वर चुना मारून. साहेब आले की कचेरीतच बसव त्यांना, बाबांच्या फोटोखाली, आणि भिंत वाजवून दाखव. यंत्राला पसंत पडेल.

सोबत बाबांचा ठसा पाठवते आहे. तुझा त्याच्यावर पहिल्यापासून डोळा होता. गावाचं नाव आहे त्याच्यावर, गावातच राहू दे.

इकडे येऊ नकोस. वाटेत नदी लागते.

हद्दीबाहेरची